पालाबाबाची चटणी आणि हरिभाऊचे पेढे

त्या श्रावणात दर गुरुवारी रोहण्याच्या आमराईत एवढी गर्दी लोटे, की आंब्याच्या झाडांनासुद्धा अंग चोरून उभं राहावं लागे. गोष्ट पंचावन्न सालची. वर्धा जिल्हा तेव्हा अजून मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. रोहण्याची राजधानी मात्र त्या पावसाळ्यात आमराईत हलली होती. आर्वीकडून, पुलगावकडून बैलगाड्या येत. बाया, बाप्ये, म्हातारेकोतारे चिखलात फतकल मारून बसत आणि जिभा बाहेर काढून वाट पाहत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, की डॉक्टरने सगळ्या गावाला एकदमच "आ करा" म्हणून सांगितलंय.

मधोमध चौरंगावर पालाबाबा बसलेले असत. दाढी छातीपर्यंत, पोट मांडीपर्यंत. बाबा म्हणे हिमालयातून आले होते, अन्न सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती आणि ते फक्त रानातला पाला खात. पाल्यावर असलं पोट हत्तीलाच येतं, पण ही शंका कोणी बोलून दाखवत नसे.

बाबांचा चमत्कार साधा होता, म्हणूनच जबर होता. रानातल्या पाल्याची मीठमिरची घातलेली हिरवी चटणी ते भक्ताच्या जिभेवर ठेवत. ती गिळायची नाही. तोंडात घोळवायची आणि मनातल्या मनात वनमातेचं नाव घ्यायचं, बाबा चिमटा वाजवीपर्यंत. मग चूळ भरायची आणि वर चिमूटभर साखर घ्यायची. साखर गोड लागली तर माणूस चोख. नाही लागली तर घरात बाधा.

तानबा शेतकऱ्याची पाळी आली तेव्हा त्याने साखर तोंडात घेतली, चघळली आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"बाबा, रेती! रेती लागून राह्यली!"

"जबान झूठ नहीं बोलती, बेटा!" बाबांनी चिमटा आपटला. "हमने नहीं कहा, तेरी जबान ने कहा! घर में किसी का पैर खराब है. नया पैर. कौन आया है नया?"

तानबाच्या घरी नवं म्हणजे मुलाचं लग्न होऊन आलेली सून होती, सुधा. तानबाने घाबरत तिचं नाव घेतलं. बाबांनी डोळे मिटले आणि मान अशी हलवली, की त्यांना ते सत्ययुगापासून ठाऊक असावं. दुसऱ्या दिवशी सुधा रडत माहेरी वडनेरला गेली. तानबाने तूप आणि तुरीची डाळ आमराईत पोचवली. पुढच्या गुरुवारी बाबांनी पुन्हा चटणी दिली, पुन्हा साखर दिली आणि ती गोड लागली. तानबा बाबांच्या पायावर कोसळला. गर्दीने "वनमाता की जय" म्हणून आरोळी ठोकली. झाडांवरचे पोपट उडाले ते त्या आठवड्यात परत आले नाहीत.

आता हरिभाऊ हलवायाकडे येऊ, कारण ही गोष्ट त्याची.

आमराईतून बाजाराकडे वळलं की पहिलंच दुकान हरिभाऊचं. शेव, चिवडा, गोडीशेव तो करीच, पण नाव होतं पेढ्याचं. खवा आटवायला त्याची मोठी बहीण शकुंतलाबाई बसे. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली त्याला बरीच वर्षं झाली होती. हरिभाऊ तिला अक्का म्हणे. खव्याची कढई आणि पावसाळ्यातली रानभाजी या दोन गोष्टींत तिचा जीव. आखाड लागला की हरिभाऊच्या घरी भाजी विकत येत नसे. अक्का नाल्यावर जाऊन तरोटा, केना, घोळ, काटवल जे मिळेल ते ओचा भरून आणी आणि हरिभाऊची बायको अनुसया ते शिजवी. अक्काची जीभ तिखट होती. गिऱ्हाइकं पेढा गोड घ्यायला येत आणि वर तिचं तिखट फुकटात घेऊन जात.

बाबा आले तेव्हा हरिभाऊ खूश झाला होता. दर्शनाने माणसाला भूक लागते आणि दर्शनाच्या वाटेवर दुकान त्याचं. पण पहिल्याच गुरुवारी तानबा दुकानात आला, पेढा तोंडात टाकला आणि थुंकला.

"हरिभाऊ, पेढ्यात खडू घातला काय रे?"

त्याच्यामागून आणखी दोघं आली, मग चौघं. कोणी म्हणालं चुना, कोणी म्हणालं पांढरी माती. एका म्हातारीने तर पेढा खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि म्हणाली, "लिंपायले कामी येईल."

हरिभाऊने स्वतः पेढा खाल्ला. चांगला गोड होता. पण एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? हरिभाऊ तसा भित्रा. गावात कोणाला खोकला झाला तर याचा घसा दुखे. त्याने विचार केला, बाबांनाच विचारावं. पुढच्या गुरुवारी तो रांगेत बसला, चटणी घोळवली, साखर घेतली. जिभेवर नुसते खडे. धावतपळत दुकानात येऊन त्याने आपलाच पेढा तोंडात घातला.

काही नाही. तूप होतं, खवा होता, वेलदोडा होता. गोडीचा पत्ता नव्हता.

आयुष्यभर जिभेवर संसार चालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्याने चुलीवरच्या कढईत साखर ओतली, चाखलं, आणखी ओतली, पुन्हा चाखलं, रडकुंडीला येऊन पोतं रिकामं केलं. दिवस कलला तेव्हा अनुसयेने त्यातला पेढा खाल्ला आणि तिच्या दातांतून कळ गेली. "आई गं! हे पेढे आहेत का साखरेचे दगोडे?" हरिभाऊने चाखलं. खरंच, घसा बसावा इतकं गोड! हे कसं झालं, यावर त्याने विचार करायला हवा होता. पण घाबरलेला माणूस विचार सोडून सगळं करतो. त्याने नारळ फोडला.

तिसऱ्या गुरुवारपर्यंत "हरिभाऊचा पेढा मातीचा झाला" ही बातमी बाबांच्या कानावर गेली होती. बाबा मूर्ख नव्हते. आमराईबाहेरसुद्धा लोकांच्या तोंडची गोडी जाते, हे उद्या कोणी चटणीशी जोडलं तर पंचाईत. म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत हरिभाऊला पुढे बोलावलं, डोळे फिरवले आणि गुरगुरले.

"तेरी दुकान में एक हाथ है, बेटा. मिठास खा जाता है. विधवा का हाथ है."

सगळ्या माना हरिभाऊकडे वळल्या. बाबांच्या शेजारी गादीवर महादेवराव बसले होते. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्याने गेली होती, पण महादेवरावांच्या मिशीतून अजून गेली नव्हती. आमराई त्यांची आणि हरिभाऊच्या दुकानाची जागाही त्यांचीच. बाबांची साखर त्यांना पहिल्या दिवसापासून गोड लागत आली होती, त्यामुळे बाबांवर त्यांची निष्ठा अढळ होती.

"ऐकलं ना, हरिभाऊ?" महादेवराव म्हणाले. "गावात बाधा नाई पाह्यजे. पुढच्या गुरुवारी तिले घेऊन येजो. सगळ्याइच्या समोर म्हण, का ही माही कोनी नाई. मंग ती जाईल तिच्या वाटेनं. नाई तं दुकानाची जागा मले मोकळी पाह्यजे."

हरिभाऊ घरी आला तेव्हा अक्का ओसरीवर तरोट्याचे शेंडे खुडत बसली होती. तो खांबाला टेकून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला.

"काय झालं रे, हरी? पोटात दुखून राह्यलं काय?"

"अक्का, सिंदी मेघ्याले आपला चुलतभाऊ आहे ना..."

"आहे."

"थोडे दिवस तू तिकडे... म्हणजे बाबा म्हणते का..."

तो काय म्हणतो ते अक्काने सगळं ऐकून घेतलं. खुडणं थांबवलं नाही. अनुसया मात्र दारातून बाहेर आली. "काही लाज? ज्या हातानं तुमचं दुकान उभं राह्यलं, तो हात आता गोडी खाते काय?"

"मी कुठी म्हणतो? माही जीभ म्हणते! मी स्वतः खाल्ला पेढा, माती होती माती!" हरिभाऊचा आवाज फुटला. "मले काय हौस आहे अक्काले घालवायची?"

अक्काच्या हातातला शेंडा तसाच राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती बोलली ते निराळंच.

"हरी, प्रभाकरराव मास्तर मागच्या गुरुवारी दुकानात आले होते. तू आमराईत गेलतास. त्यायनं एक पेढा खाल्ला आणि दुसरा मागितला. मातीचा पेढा कोनी दुसऱ्यांदा मागते काय?"

हरिभाऊने मान वर केली.

प्रभाकरराव शाळेचे मास्तर. आमराईत ते जात, पण मागे उभे राहत. सगळा गाव चटणी खातो आणि मास्तरांना पेढा गोड लागतो, याचा अर्थ मास्तर फार पुण्यवान असले पाहिजेत, असं हरिभाऊला वाटलं. तो अक्काला घेऊन मास्तरांच्या घरी गेला आणि हात जोडून विचारलं, "मास्तर, तुम्ही असं कोणतं व्रत करता, का तुम्हाले बाबाची बाधा निघत नाई?"

मास्तर जरा ओशाळले. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "व्रत कसलं, हरिभाऊ? मला मूळव्याध आहे. त्या चटणीत मिरच्या असतात. मी ती तोंडातच घातलेली नाही."

हरिभाऊचं तोंड उघडंच राहिलं. अक्का मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसताहसता तिला ठसका लागला.

"पाह्यलं, हरी? गावात एकच माणूस शुद्ध निघाला, आणि तोही मूळव्याधीपायी!"

मास्तरही हसले, पण मग खाटेच्या कडेला पुढे सरकून बसले. "थांबा. म्हणजे पेढा सगळ्यांना मातीचा लागत नाही. चटणी खाल्लेल्यांना लागतो. मग दोष पेढ्यात शोधायचा कशाला?"

"चटणीत शोधायचा," अक्का म्हणाली. "लहानू पाला कुठून आणते, ते मले माहीत आहे."

लहानू म्हणजे बाबांचा चेला, चाळिशीचा, गुडघे दुखणारा माणूस. सकाळी बाया नाल्यावर भाजीला जात तेव्हा तोही तिथे असे. अक्काने त्याला बरेचदा पाहिलं होतं. टोपलीत तो चारचौघींसारखाच तरोटा, केना, घोळ, आंबुटी घेई. शेवटी मात्र कुंपणावर चढलेल्या एका वेलीची पानं ओरबाडून निराळ्या फडक्यात बांधी. त्या वेलीला गावात कोणी हात लावत नसे. ती कोणी भाजी म्हणून खाल्ल्याचं अक्काला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्काने ती सगळी पानं आणली. हरिभाऊच्या स्वयंपाकघरात प्रभाकरराव पाटावर बसले आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"एका वेळी एकच पाला. बाकी काही नाही. चावायचा, चूळ भरायची, मग गूळ. म्हणजे कोणी काय केलं ते कळेल. पण शकुंतलाबाई, अनोळखी पाला असा तोंडात घालावा का?"

"मास्तर, लहानू दर गुरुवारी सगळ्या गावाले चारून राह्यला. कोनी मेलं काय? आधी मी खाते."

"नाई," हरिभाऊ म्हणाला. "जीभ माही बिघडली. मीच खातो."

तरोटा चावला. गूळ गोड. केना चावला. गूळ गोड. घोळ झाली, आंबुटी झाली. तोंड आंबट झालं, गूळ गोडच. मग अक्काने वेलीची दोन पानं त्याच्या हातावर ठेवली. लांबट गोल, मऊ लव असलेली, अगदी गरीब दिसणारी पानं. हरिभाऊने ती बारीक चावली. जराशी कडवट. चूळ भरून त्याने गुळाचा खडा तोंडात टाकला.

त्याचा चेहरा पाहून अनुसयेने विचारलं, "काय झालं?"

"माती," हरिभाऊ म्हणाला. "नाल्याची ओली माती."

मास्तरांनी त्याला मीठ दिलं. खारट लागलं. मिरची दिली. तो ओरडला. चिंच आंबट, कारलं कडू. सगळं जागच्या जागी होतं, फक्त गोड तेवढं नाहीसं झालं होतं. मग अक्काने पानं खाल्ली, अनुसयेने खाल्ली. शेवटी मास्तरांनीही खाल्ली, कारण त्यात मिरची नव्हती. चौघं चार पाटांवर गुळाचे खडे हातात घेऊन बसले आणि थोड्याथोड्या वेळाने चाखत राहिले. भात शिजून निवला तेव्हा आधी हरिभाऊला, मग एकेकाला गोडी परत आली. ना नारळ, ना मंत्र, ना तूप.

हरिभाऊला खरं तर हसायला हवं होतं. पण तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. दोन पानांसाठी आपण अक्काला घराबाहेर काढायला निघालो होतो.

"आता रडजो नको," अक्का म्हणाली. "गुरुवारी बोलायचं तुलेच आहे."

"मले? मालगुजारासमोर?"

"त्यायनं तुले बोलवलं आहे, मले नाई."

गुरुवारी आमराईत आधीपेक्षा दुप्पट माणसं होती. बाईला घराबाहेर काढणार म्हटल्यावर लांबलांबून लोक आले होते. अक्का डोक्यावर गाठोडं घेऊन आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, लुगडी बांधून निघाली. बाया कुजबुजल्या. तानबाने मान खाली घातली.

बाबांपुढे नेहमीप्रमाणे दोन भांडी होती. एक मातीचं गाडगं आणि एक पितळेचा गुंड. गाडग्यातली चटणी तपासणीसाठी, गुंडातली शुद्ध झालेल्यांसाठी, असं बाबांनीच सांगितलेलं होतं. महादेवरावांना पहिल्यापासून गुंडातली मिळे.

"बोल बेटा," बाबा म्हणाले. "सबके सामने बोल, ये मेरी कोई नहीं."

हरिभाऊ उभा राहिला. त्याने अक्काकडे पाहिलं, मग गर्दीकडे.

"बोलतो. पण आधी मले एक सांगा, बाबा. दोन्ही भांड्यांतली चटणी वनमातेचीच ना?"

"बेशक!"

"मंग मालगुजारसाहेबांनी आज गाडग्यातली खाल्ली तं चालते ना?"

बाबांचा चिमटा हवेतच थांबला. "नहीं नहीं! वो... वो पापियों की जाँच के लिए है! साहब तो पवित्र हैं!"

"म्हणूनच म्हणतो. पवित्र माणसाले साखर गोडच लागन. त्यायले काय भेव?"

गर्दीत चुळबुळ झाली. महादेवरावांना आधी राग आला, मग त्यांच्या मिशीला ते आव्हान वाटलं. "आण बे इकडे ते गाडगं! माह्या मनात पाप आहे काय?"

"साहब, आज तिथी अच्छी नहीं—"

पण महादेवरावांनी स्वतः हात घातला. चटणी घोळवली, डोळे मिटून नाव घेतलं, चूळ भरली. बाबांनी साखरेचा डबा हळूच मांडीखाली ओढला होता, तो अक्काने बाहेर काढला आणि पुढे केला. महादेवरावांनी चांगली मूठभर साखर तोंडात टाकली.

साखर कुरकुरल्याचा आवाज आमराईत पार मागपर्यंत गेला.

महादेवरावांच्या मिशा आधी खाली आल्या, मग वर गेल्या. "रेती," ते पुटपुटले. मग ओरडले, "रेती! ए बाबा! म्हणजे मी पापी आहे काय?"

बाबा मोठ्या पेचात सापडले. हो म्हणावं तर आमराई जाते, नाही म्हणावं तर गाडगं जातं. त्यांनी डोळे फिरवून पाहिले, अंगात आणून पाहिलं, एकदोन किंकाळ्याही मारल्या. पण महादेवरावांनी त्यांची दाढी धरली, तशी हिमालयातून आलेले बाबा शुद्ध वऱ्हाडीत ओरडले, "अबे सोड नं बापा! मेलो, मेलो!"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू पसरत गेलं.

अक्काने गाठोडं सोडलं. आत लुगडी नव्हती, पाला होता, ढीगभर. आणि गुळाची ढेप.

"ह्या पाल्याले ना मंत्र लावला, ना वनमातेनं दिला," ती म्हणाली. "नाल्याच्या कुंपणावरून मी आणला. लहानू रोज आणते, त्याले विचारा. आमी घरी चौघांनी खाल्ला आणि जिते आहो. ज्याले पाह्यचं असन त्यानं दोन पानं चावा आणि मंग गूळ खा."

पहिल्यांदा तानबा उठला. त्याच्यामागून सगळे. थोड्याच वेळात सगळी आमराई शेळ्यांच्या कळपासारखी पाला चावत होती. गूळ वाटला गेला आणि एकच गलका झाला. "माती!" "माह्या बी तोंडात माती!" "अबे, मले तं चिखल लागून राह्यला!"

मास्तर झाडाच्या पारावर चढले. एवढ्या माणसांपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती, पण शाळेतला आवाज कामी आला.

"हा पाला थोडा वेळ जिभेची फक्त गोड चव मारतो. खारट, आंबट, तिखट सगळं लागतं. बाबा चटणी घोळवायला लावतात ती पाला जिभेला नीट लागावा म्हणून. गाडग्यात हा पाला आहे, गुंडात नाही. ज्याच्या घरात बाधा दाखवायची त्याला गाडगं, ज्याची बाधा उतरली म्हणायचं त्याला गुंड. एवढाच चमत्कार! आता कोणी घरी जाऊ नका. बसा. काही करू नका. गोडी आपोआप परत येते की नाही, ते पाहा."

मग रोहण्याने जे पाहिलं ते त्याआधी कोणी पाहिलं नसेल. सगळा गाव हातात गुळाचा खडा घेऊन चिखलात बसून राहिला. मधूनमधून चाखी, तोंड वाकडं करी, पुन्हा वाट पाही. महादेवराव गादीवर साखर चघळत बसले. त्यांचे दोन गडी बाबांच्या दोन बाजूंना. बाबांना मात्र कोणी पाला दिला नाही, ते बारा वर्षं पालाच खात होते ना! त्यावर लहानू हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "ते पोया खातेत जी. दुपारच्या. मीच लाटतो."

उन्हाची तिरीप एका आंब्यावरून दुसऱ्यावर सरकली. आणि तानबा एकदम ओरडला, "आलं! आलं!"

"काय आलं?"

"गोड आलं!"

मग इकडून एक, तिकडून दोन, "मले बी! मले बी!" करत अख्ख्या आमराईचं तोंड गोड झालं. म्हाताऱ्या बाया एकमेकींना गूळ भरवू लागल्या. तानबा मात्र खाली बसला आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेऊ लागला. "माही सून... मी तिले रडवत पाठवली. दोन पानांपायी!" कोणी त्याची समजूत घातली नाही. तो उठला आणि बैल जुंपायला घरी गेला. संध्याकाळच्या आत वडनेरची वाट धरली पाहिजे, एवढंच तो बोलत होता. सून लगेच आली नाही. तानबाला तीनदा जावं लागलं, आणि ते योग्यच झालं.

बाबांना महादेवरावांनी आर्वीच्या ठाण्यात नेऊन बसवलं. फसवल्याचा राग त्यांना होताच, पण भर गावात पापी ठरवल्याचा जास्त होता. पुढे मास्तरांनी ती पानं आर्वीच्या एका जुन्या वैद्याला दाखवली. तो पाहताक्षणी हसला. "हिला गुळमार म्हणतात, मास्तर." गुळाला मारते म्हणून गुळमार. नावातच सगळं होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

घरी परतताना हरिभाऊ अक्काच्या मागे मागे चालत होता. शेवटी धीर करून म्हणाला, "अक्का, माहं चुकलं."

"हाव, चुकलं," अक्का म्हणाली. तिने ते हसण्यावारी नेलं नाही. "बाबा लबाड होता, त्याचं मले काही नाई वाटत. लबाड माणूस लबाडीच करते. पण तू माह्यासंग एका चुलीवर बसलास, हरी. तुले एकदा तरी विचारावंसं काऊन नाई वाटलं?"

तो प्रश्न हरिभाऊला पडलाच नव्हता. तो आजही पुष्कळांना पडत नाही. म्हणून सांगायचं ते एवढंच. बाबा बदलतात, चटणी बदलते, कधी अंगारा येतो, कधी तीर्थ, कधी पुडी. तुमच्या जिभेवर कोणी काही ठेवलं आणि मग तुमच्याच घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर त्या माणसाकडे संशयाने पाहू नका. बोट दाखवणाऱ्याचा हात धरा आणि विचारा: आधी हे सांग, माझ्या जिभेवर काय ठेवलंस?